नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर कसं टाकायचं

नांदेडहून सकाळची एसटी धरून मी किनवट तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. तीन तासांच्या वर प्रवास, शेवटचा टप्पा एका गुरुजींच्या मोटारसायकलवर. वर्गात सहा जुने डेस्कटॉप झाडून-पुसून मांडलेले, पोरं दाराशी गोळा झालेली. पेनड्राइव्ह लावला, ब्राउझरच्या सेटअपवर डबल क्लिक केलं, पट्टी जराशी सरकली आणि संदेश आला, इंटरनेट जोडणी तपासा. फाइलचा आकार मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. दीड एमबी. म्हणजे मी ब्राउझर नेलाच नव्हता. नेटवरून ब्राउझर ओढून आणणारा एक छोटा हमाल तेवढा नेला होता. गुरुजी म्हणाले, "राहू द्या सर, पुढच्या खेपेला करू." ती पुढची खेप दीड महिन्यानं झाली.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालतो. नेट नसलेल्या मशीनचं जवळजवळ सगळं काम निघण्याआधी, नेट असलेल्या जागी उरकावं लागतं. तिथं गेल्यावर फक्त क्लिक करणं उरलं पाहिजे.

अशी मशीन मराठवाड्यात कमी नाहीत. डोंगरपट्टीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, गावातली वाचनालयं आहेत, लातूरला किंवा संभाजीनगरला शिकायला गेलेल्या पोरानं घरी ठेवलेला जुना पीसी आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं मशीन तर बऱ्याचदा मुद्दामच नेटपासून तोडून ठेवलेलं असतं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मी इथं माझी रीत सांगतो. शिक्षक, ग्रामपंचायतीचा ऑपरेटर, नुकताच कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केलेला पोरगा, कुणालाही ती जमेल.

आधी मशीनची कुंडली

फोन करून तिथल्या माणसाला सांगा, कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि पॉज-ब्रेक एकत्र दाबा. जी खिडकी उघडेल तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि तालुक्याला याल तेव्हा व्हॉट्सअॅपवर टाका. पॉज-ब्रेकचं बटण नसेल तर कॉम्प्युटरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जायचं, तीच माहिती येते. तोंडी माहितीवर विसंबू नका. "विंडोज टेन आहे बहुतेक" या "बहुतेक"नं माझ्या दोन फेऱ्या फुकट गेल्या आहेत.

फोटोत बघायचं ते असं. विंडोज कोणतं, ७ असेल तर खाली सर्व्हिस पॅक १ (विंडोजचा मोठा एकत्रित अपडेट) लिहिलंय का, रॅम किती, आणि सिस्टिम टाइपच्या ओळीत ३२-बिट आहे की ६४-बिट. ही शेवटची ओळ नीट वाचा. कधीकधी तिथं लिहिलेलं असतं, ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर. अशा वेळी प्रोसेसर कितीही ताकदीचा असला तरी हिशेब ऑपरेटिंग सिस्टिमचाच धरायचा. ६४-बिट सेटअप ३२-बिट विंडोजवर चालत नाही. उलट ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतो. माहिती मिळालीच नाही तर ३२-बिट सेटअप न्यावा, पण आता बऱ्याच कंपन्या तो बनवतच नाहीत, म्हणून फोटोचा आग्रह.

याशिवाय तीन प्रश्न विचारून ठेवा. सी ड्राइव्हवर जागा किती शिल्लक आहे? ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे? ज्यांच्याकडे आहे ते त्या दिवशी गावात असणार आहेत का? तिसरा प्रश्न फालतू वाटेल, पण पासवर्ड माहीत असलेले गुरुजी बदली होऊन परभणीला गेलेले असले तर तुमचा अख्खा दिवस त्यांना फोन लावण्यात जातो.

विंडोज कळलं की सॉफ्टवेअरची आवृत्ती ठरते. नवीन तेच चांगलं हा नियम जुन्या मशीनवर लागू होत नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यामुळे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही हळूहळू हात काढून घेतला. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे आवृत्ती १०९. फायरफॉक्स हवं असेल तर ११५ ची दीर्घ सपोर्टवाली आवृत्ती घ्यायची. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरनं २५.८ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, विंडोज ७ आणि ८ सोडलं. त्याआधीच्या आवृत्त्या त्यांच्याच साइटवर संग्रहात ठेवलेल्या आहेत, तिथून घ्याव्यात. जुनी आवृत्ती शोधताना भलत्याच साइटवर जाऊ नका. डाउनलोड लिहिलेली चार हिरवी बटणं जिथं दिसतात, तिथली तीन जाहिराती असतात आणि चौथ्यातून काय येईल ते सांगता येत नाही.

पूर्ण सेटअप ओळखायचा कसा

नेटवर 'डाउनलोड' दाबलं की बऱ्याचदा मिळतो तो माझ्या वाट्याला आलेला हमाल. एक-दोन एमबीची फाइल, जी चालवल्यावर खरा माल नेटवरून खेचते. आपल्याला हवा असतो तो ऑफलाइन इन्स्टॉलर, काही ठिकाणी त्याला स्टँडअलोन म्हणतात. सॉफ्टवेअरचं नाव आणि पुढे 'ऑफलाइन इन्स्टॉलर' असं शोधा, मग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरचाच दुवा उघडा. क्रोमसारख्या ब्राउझरचाही असा पूर्ण सेटअप मिळतो, फक्त तो दर्शनी पानावर नसतो.

फाइलचा आकार ही पहिली खूण. ब्राउझरचा पूर्ण सेटअप शंभर एमबीच्या आसपास किंवा वर असतो, व्हिडिओ बघायचं व्हीएलसी चाळीसेक एमबी, लिबरऑफिस साडेतीनशेच्या आसपास. पण आकारावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. झिप फाइल उघडायचं सेव्हन-झिप सगळं मिळून दीड एमबीच आहे आणि ते पूर्ण आहे. शेवटी खात्री होते ती नेट बंद करून चालवून बघितल्यावरच, त्याकडे पुढे येतो.

लिबरऑफिस घेताना एक लक्षात ठेवा. त्याची मदतपुस्तिका वेगळी फाइल म्हणून मिळते. ती नेली नाही तर एफ१ दाबल्यावर प्रोग्राम नेटवर जायला बघतो, आणि जिथं विचारायला दुसरं कुणी नाही तिथंच मदत मिळत नाही. मला ही फाइल मुख्य सेटअपइतकीच महत्त्वाची वाटते.

ज्याला इन्स्टॉलच करावं लागत नाही असं सॉफ्टवेअर मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्याला पोर्टेबल म्हणतात. झिप उघडायची आणि फोल्डरमधून थेट चालवायचं, बहुतेक वेळा ॲडमिनच्या पासवर्डचीही गरज लागत नाही. विंडोजवर किविक्स असंच चालतं. किविक्स म्हणजे विकिपीडिया नेटशिवाय वाचायचं साधन. मराठी विकिपीडियाचा अख्खा संग्रह एका झिम फाइलमध्ये येतो. ज्या शाळेत नेट नाही तिथं मी काहीही टाकायला गेलो तरी हे सोबत टाकूनच येतो. मागच्या वर्षी एका सातवीतल्या पोरीनं त्यात पहिला शब्द शोधला तो 'पैनगंगा', कारण ती नदी तिच्या गावाजवळून वाहते.

ज्या सॉफ्टवेअरला उघडताच लॉगिन लागतं किंवा जे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतं, त्याचा नाद अशा मशीनसाठी सोडून द्या. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअरही नको. बाजारात पन्नास रुपयांत डीव्हीडीवर भरून देतात, पण त्यासोबत काय येतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि अँटिव्हायरस जुना झालेल्या मशीनला तर अजिबातच कळत नाही.

सेटअपच्या मागे उभे असलेले

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथं अडकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याला काही सामायिक फाइल्स लागतात, ज्या विंडोजमध्ये असतील असं तो गृहीत धरतो. नेट असलेल्या मशीनवर त्या कधी येऊन बसल्या ते आपल्याला कळतही नाही. नेट नसलेल्या मशीनवर मात्र प्रोग्राम इन्स्टॉल होतो, आयकॉन येतो आणि क्लिक केल्यावर खिडकी येते, व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही. याचा अर्थ मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नाही. ते वेगळं डाउनलोड करता येतं, तीस एमबीच्या आत बसतं आणि त्याची फाइल पूर्णच असते. ६४-बिट मशीनसाठी त्याच्या दोन्ही फाइल्स घ्या, एक्स६४ आणि एक्स८६. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्राम चालवायचा असला की त्याला एक्स८६ वालीच लागते. माझ्या पेनड्राइव्हमध्ये या दोन फाइल्स कायम असतात, मग मी काहीही टाकायला जात असेन.

चुकूनही ती हरवलेली डीएलएल फाइल एकटी नेटवरून उचलून आणू नका. 'डीएलएल फुकट डाउनलोड' म्हणणाऱ्या साइट ही व्हायरसची जुनी वाट आहे. शिवाय एक फाइल टाकली की मशीन दुसरी मागतं.

विंडोज ७ वर आणखी एक पायरी असते. एपीआय-एमएस-विन-सीआरटी अशा नावानं सुरू होणारी फाइल नाही असा संदेश आला तर तिथं युनिव्हर्सल सी रनटाइम, म्हणजे अशाच सामायिक फाइल्सचा आणखी एक संच, नाही. त्याचा अपडेट केबी२९९९२२६ या क्रमांकाचा आहे आणि तो सर्व्हिस पॅक १ असल्याशिवाय बसत नाही. सर्व्हिस पॅक १ ची फाइल ६४-बिटसाठी सुमारे ९०० एमबी आणि ३२-बिटसाठी त्याहून बरीच लहान, साधारण ५४० एमबी. हे अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवर क्रमांक टाकून शोधता येतात. म्हणूनच फोटोत सर्व्हिस पॅकची ओळ बघा असं वर सांगितलं. ते नसेल तर दिवसाचं गणित बदलतं, कारण जुन्या मशीनवर तो एकटाच तास-दीड तास खाऊ शकतो.

डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या रनटाइमचंही असंच. ४.८ चा ऑफलाइन इन्स्टॉलर शंभर एमबीच्या वरचा आहे, दीड एमबीचा नव्हे. जुने हिशेबाचे प्रोग्राम मात्र ३.५ मागतात. विंडोज १० मध्ये ते फीचर म्हणून सुरू करायला गेलं की विंडोज नेटवर जायला बघतं आणि अडतं. त्याच्या फाइल्स विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये सोर्सेस फोल्डरच्या आतल्या एसएक्सएस या फोल्डरमध्ये असतात. म्हणून मशीनवर आहे त्याच आवृत्तीची डिस्क किंवा तिची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, सोबत ठेवा.

ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, त्याचं दुखणं वेगळं. मशीन फॉरमॅट केलं आणि आवाज किंवा प्रिंटर बंद पडला, तर मॉडेल कोणतं ते कळलं पाहिजे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळी खूण असलेल्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. तिथं व्हीईएन आणि डीईव्ही (यूएसबीवरच्या प्रिंटरला व्हीआयडी आणि पीआयडी) यांच्यापुढे चार-चार अक्षरांचे कोड दिसतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या भागाचा. फोटो काढा, शहरात आल्यावर या कोडवरून नेमका ड्रायव्हर सापडतो. फॉरमॅट मारायच्या आधीच हे फोटो काढले तर एक फेरी वाचते.

न्यायचं कशात

साधा पेनड्राइव्ह चालतो, पण तो कसा फॉरमॅट केलाय ते बघा. एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. विंडोजची आयएसओ किंवा किविक्सची मोठी झिम फाइल कॉपी करताना 'फाइल खूप मोठी आहे' असं येतं ते यामुळेच. एक्सएफएटी किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, अडचण संपते. आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यातलं काढून घ्या.

आता व्हायरस. मी गेलो त्यातल्या कितीतरी मशीनवर शॉर्टकट व्हायरस होता. पेनड्राइव्ह लावला की फोल्डर गायब होतात, त्यांच्या नावाचे शॉर्टकट दिसतात आणि क्लिक केलं की तो पसरतो. नेट नाही म्हणून मशीन सुरक्षित आहे असं समजू नका. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रात पोहोचला, आणि तिथली यंत्रणा तर नेटला जोडलेलीच नव्हती. त्याचा प्रवास पेनड्राइव्हवरून होत असे. आपल्या शाळेत अणुभट्टी नसली तरी वाट तीच आहे.

यावर माझा उपाय स्वस्त आहे. मी सेटअप पेनड्राइव्हवर नेत नाही, मोठ्या आकाराच्या एसडी कार्डवर नेतो, कॅमेऱ्यात असतं तसल्या. त्याच्या कडेला इवलीशी सरकपट्टी असते. ती लॉककडे सरकवली की बहुतेक कार्ड रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत, फक्त वाचू देतात. मशीनमध्ये व्हायरस असला तरी कार्डावर चढत नाही. घरी एकदा तपासून बघा, तुमचा रीडर लॉक मानतो का. कार्ड लॉक करा आणि त्यावर एखादी रिकामी फाइल कॉपी करायचा प्रयत्न करा, नकार आला पाहिजे. मशीनला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर एकदाच लिहिता येणारी डीव्हीडीही हेच काम करते. तिथून काही परत आणायचं असेल तर वेगळा पेनड्राइव्ह ठेवा आणि शहरात आल्यावर उघडण्याआधी तो स्कॅन करा.

अडीअडचणीला मोबाइलसुद्धा वाहन होतो. बसस्टँडवर रेंज आहे तोवर फाइल मोबाइलवर उतरवायची, गावात गेल्यावर केबलनं कॉम्प्युटरला लावायची आणि फाइल ट्रान्सफर निवडायचं. केबल डेटावाली हवी, फक्त चार्जिंगची असेल तर मोबाइल दिसणारच नाही.

फाइल अर्धवट उतरलेली नाही ना, ते तपासायची सवय लावा. बऱ्याच साइट सेटअपसोबत एसएचए-२५६ चा कोड देतात, ६४ अक्षरांचा. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक केल्यावर सीआरसी-एसएचए असा मेनू येतो, त्यातून तोच कोड काढता येतो. सुरुवातीची आणि शेवटची आठ-आठ अक्षरं ताडून बघितली तरी तुटलेली फाइल लक्षात येते. हे एकदा शहरात करा आणि एकदा तिथल्या मशीनवर कॉपी केल्यावर.

घरी रंगीत तालीम

निघायच्या आदल्या संध्याकाळी नेटची केबल काढा, वायफाय बंद करा आणि सगळे सेटअप एकेक करून चालवा. नुसते इन्स्टॉल करू नका, उघडून थोडं काम करून बघा. काही प्रोग्राम इन्स्टॉल होतात पण पहिल्यांदा उघडताना नेट मागतात.

इथं एक फसगत असते. तुमच्या मशीनवर ते रनटाइम आधीच बसलेले असतात, त्यामुळे तालीम झक्क होते आणि गावात गेल्यावर डीएलएलचा संदेश येतो. तालीम शक्यतो नुकतंच फॉरमॅट केलेल्या, तिथल्यासारख्याच जुन्या मशीनवर करा. आमच्या इथं वजिराबादेतल्या दुकानदार मित्रांकडे दुरुस्तीला आलेलं एखादं रिकामं मशीन असतंच, मालकाला विचारून तासभर मागून घेतो. तेही नसेल तर रनटाइमच्या फाइल्स न विसरता सोबत घ्या.

तिथं पोहोचल्यावर

मशीन सुरू केलं की आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते आणि तारीख कुठल्याकुठे मागे गेलेली असते. सेटअपवर कंपनीची डिजिटल सही असते. मशीनच्या मते आज २००९ साल असेल तर २०२३ ची सही त्याला भविष्यातली वाटते आणि सेटअप नकार देऊ शकतो. या एका कारणानं एक प्रिंटर ड्रायव्हर माझ्याकडून तासभर बसला नव्हता. तारीख दुरुस्त केली आणि पहिल्याच क्लिकला बसला. बॅटरी सीआर२०३२ क्रमांकाची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. दोन खिशात ठेवतो.

वीज कधी जाते ते विचारून घ्या. सर्व्हिस पॅक किंवा मोठा अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर विंडोज पुन्हा उभं राहीलच असं नाही. सिंगल फेजचं वेळापत्रक गावात सगळ्यांना पाठ असतं. लांबणारी कामं पक्की लाइट असेल तेव्हाच घ्या.

मग कार्डावरून सगळं फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून चालवा. क्रम असा ठेवा, आधी सर्व्हिस पॅक आणि अपडेट, मग मशीन रीस्टार्ट, मग व्हिज्युअल सी आणि डॉट नेट, मग ड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्राम. विंडोज ७ वर अपडेट चालवल्यावर 'या कॉम्प्युटरवर अपडेट शोधत आहे' अशी खिडकी बराच वेळ हलत नाही. घाबरून बंद करू नका.

विंडोज १० वर कधीकधी स्मार्टस्क्रीनपर्यंत पोहोचता येत नाही असा निळा इशारा येतो. ते नेटवरून फाइलची चौकशी करतं आणि नेट नाही म्हणून असं म्हणतं. फाइल तुम्ही मूळ साइटवरून आणली असेल, कोड ताडला असेल, तर रन दाबा. यातलं काही केलं नसेल तर दाबू नका.

सहा मशीन असली तरी आधी एकच पूर्ण करा, अगदी शेवटच्या प्रोग्रामपर्यंत. जे अडायचं ते पहिल्यावर अडेल. तिथला क्रम कागदावर लिहा, बाकीची पाच मग त्याच क्रमानं उरकतात. आणि शेजारी कुणाला तरी बसवून घ्या, गुरुजींना नाहीतर आठवी-नववीतल्या पोराला. तिसऱ्या मशीनला तो माउस हातात घेतो आणि सहाव्याला तुम्ही बाजूला बसून बघत असता.

मराठी दिसलं पाहिजे, उमटलं पाहिजे

गावातल्या मशीनवर निम्मं काम मराठीत असतं, म्हणून ही पायरी गाळू नका. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासूनच आहे, तो फक्त भाषेच्या सेटिंगमधून जोडायचा. के दाबलं की क, एल दाबलं की त, आणि डीवर हलन्त. पोरं चार दिवसांत शिकतात. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही आला, पण मशीनवरचं विंडोज त्याच्या आधीचं असेल तर तो दिसणार नाही.

फॉन्टची अडचण मात्र खरी आहे. विंडोज ७ मध्ये मंगल फॉन्ट असायचा, विंडोज १० मध्ये तो मूळ संचातून काढून पूरक फॉन्टच्या गटात टाकला, आणि तो गट नेटवरून उतरतो. जुनी पत्रं आणि दाखल्यांचे नमुने मंगलमध्ये बांधलेले असतात. नव्या मशीनवर अक्षरं दिसतात, पण दुसऱ्या फॉन्टमध्ये, आणि ओळी खाली-वर होऊन पान बिघडतं. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्त हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत. त्यांच्या फाइल्स कार्डावर ठेवा, राइट क्लिक करून इन्स्टॉल करा आणि पुढचे नमुने त्यातच बांधा, म्हणजे कुठल्याही मशीनवर ते सारखे दिसतील. शिवाजी किंवा श्रीलिपीत टाइप केलेला जुना मजकूर असेल तर त्यासाठी तोच फॉन्ट लागतो, युनिकोडचा फॉन्ट टाकून तो वाचता येणार नाही.

मशीनवर लिनक्स असेल तर

लिनक्समध्ये एक पॅकेज, म्हणजे तिथला सेटअप, दुसऱ्या दहांवर अवलंबून असतं. पॅकेजची एक डेब फाइल नेऊन चालत नाही, ती दुसरी मागते, दुसरी तिसरी. लिनक्सचा मिंट हा प्रकार वापरत असाल तर सिनॅप्टिक नावाचा प्रोग्राम त्यात असतोच आणि तो ही साखळी सोडवतो.

मला सगळ्यात भरवशाची वाटलेली रीत सांगतो. शाळेत मिंटची जी आवृत्ती टाकली आहे तिचीच आयएसओ रूफस या छोट्या प्रोग्रामनं पेनड्राइव्हवर लिहा आणि नेट असलेलं मशीन त्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता ते जवळजवळ शाळेतल्या ताज्या मशीनसारखंच होतं. सिनॅप्टिक उघडा, रीलोड करा, हवं ते सॉफ्टवेअर निवडा, त्याला लागणारी बाकीची पॅकेज ते आपोआप निवडतं. अप्लाय दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत 'फक्त फाइल डाउनलोड करा' अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यावर खूण करा. उतरलेल्या डेब फाइल्स व्हार, त्याच्या आत कॅश, त्याच्या आत एपीटी, त्याच्या आत आर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये सापडतील. लाइव्ह सत्र बंद केलं की त्या उडून जातात, म्हणून आधी कार्डावर घ्या. शाळेत गेल्यावर या फाइल्सच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि sudo dpkg -i *.deb लिहून एंटर दाबा. झालं.

ॲपइमेज मिळत असेल तर हे सगळं टळतं. एकच फाइल, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये चालवायची परवानगी द्यायची आणि उघडायची.

निघण्याआधी

वापरलेले सगळे सेटअप तिथल्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवून या. पुढे एखादं मशीन बिघडलं तर गुरुजींना तुमची वाट बघावी लागणार नाही. आणि एक शाळकरी वही विकत घेऊन कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवा. प्रत्येक मशीनला एक पान. त्यावर विंडोजची आवृत्ती, बिट, रॅम, काय टाकलं, कोणत्या तारखेला, कोणती आवृत्ती, काय अडलं, कसं सुटलं. वही सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधा, नाहीतर ती हजेरीच्या ढिगात जाते. किनवटकडच्या त्या शाळेत आता माझ्या अक्षराखाली मुलांच्या अक्षरातल्या नोंदी आहेत. मागच्या वेळी गेलो तेव्हा चौथ्या मशीनच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "तारीख मागे गेली होती, सेल बदलला, चालू झाले."